जांभळं गाव

पाटोद्याच्या दुकानातल्या पोरानं
नकाशावर बोट ठेवून दाखवलं,
तुमचं गाव गडद जांभळं,
"फुल्ल हाय की, मावशे."

घरात एक दांडी येते.
तीही खिडकीपाशी टांगलेल्या शिंक्यातच,
जिथं आधी लोण्याचं गाडगं असायचं.
फोन आत, आम्ही भोवती माना वाकवून.
हातात घेतला की गेला.

गंगाखेडहून मंकर्णा बोलती.
आवाज घरभर.
नवऱ्याचं काहीतरी सांगायला लागती
अन् मधीच थांबती,
"कोण कोण हाय तिथं?"
मग सोयाबीनचा भाव इचारती.

परवा कंपनीचा माणूस मोजायला आलता.
यंत्र उंच धरून गल्लीगल्ली हिंडला,
शेवटी आमच्याच गोठ्याच्या पत्र्यावर चढून
त्यानं वर कळवलं,
सगळं व्यवस्थित आहे.

मंकर्णाबी तेच म्हणती.