चौऱ्याऐंशी दिवस

जुलैच्या सव्वीस तारखेला अप्पांनी रिटर्न भरलं.
स्वतः. भिंगाखाली एकेक आकडा धरून,
बत्तीस वर्षं महापालिकेसाठी
पाण्याचे मीटर वाचले, तसं.
त्या वर्षी अँजिओप्लास्टीच्या गडबडीत
बँकेत पंधरा एच द्यायचा राहिला
आणि व्याजातून कापले गेले चार हजार तीनशे दहा.
सोडा ना अप्पा, मी म्हटलं.
का सोडू? माझे आहेत.
ओटीपी आला तो त्यांनी मोठ्याने वाचला,
खालच्या मजल्यालाही ऐकू जाईल असा.

ऑगस्टात ते गेले.

रोज सकाळी गॅसवर दूध ठेवून
मी त्यांच्या नावाने आत शिरते.
पासवर्डात माझं घरातलं नाव,
ज्या नावाने आता कुणी हाक मारत नाही.
स्वागत आहे, मोरेश्वर रामजी पाटणकर.
तीन गोल हिरवे.
चौथा राखाडी: प्रक्रिया सुरू आहे.
दूध उतू जातं.

टी वॉर्डाने अकरा दिवसांत दाखला दिला.
पेन्शन थांबली पुढच्याच महिन्यात, वक्तशीर.
रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, सोसायटीचा शेअर,
सगळीकडून त्यांना वजा करून झालं.
फक्त बंगळुरूत कुठेतरी एक यंत्र
अजून तपासतंय
त्यांनी काही लपवलं तर नाही ना.
लपवत होते.
मिठागर रोडवरची जिलबी, दर गुरुवारी, शुगर असताना.
पावती नाही.

नंबर बंद करू नका, निमोणकर सीए म्हणाले,
मेसेज त्यावरच येईल.
म्हणून रिचार्ज.
दुकानातल्या पोराने विचारलं, काका बरेत ना?
मी म्हटलं, चौऱ्याऐंशी दिवसांचा मार.
घरी येताना जिन्यात सुचलं, चौऱ्याऐंशीचा फेरा,
आणि एकटीच हसले,
सामंतबाईंनी दार किलकिलं करून पाहिलं.

फोन टीव्हीशेजारी चार्जिंगला असतो.
हास्यक्लबाचे गुलाब येतात त्यावर,
लघवी-रक्त तपासणीवर चाळीस टक्के सूट,
एकदा कर्ज:
मोरेश्वरजी, आपण पात्र आहात.

काल दुसरा फेरा संपला.
पुण्याहून हेरंब म्हणाला, ताई,
चार हजारांसाठी किती घालणार आहेस? हिशोब केलास?

केलाय.
आठशे एकोणसाठ दुणे सतराशे अठरा.
अजून तीन बसतात.
वर पंधरा रुपये उरतात.