पाच अँपिअर

बूर्ज हम्मूदमध्ये वीज दोन प्रकारची.
सरकारी तारेतली पाहुण्यासारखी येते,
कॉफीलाही थांबत नाही.
दुसरी जनरेटरवाल्या मूसाची, महिन्याच्या बोलीने:
पाच अँपिअरचे इतके, दहाचे त्याच्या दुप्पट.

आराक्सी ताशजियान पाचातली.
सहावा मजला, एक दिवा,
एक फ्रिज, ज्यात तिचं इन्सुलिन,
आणि माँट्रियलला गेलेल्या भावाने मागे टाकलेला
तो जुना संगणक. हत्तीच पोसला होता तिनं.
त्यावर ती मराशच्या भरतकामाचे टाके मांडायची,
चौकटी चौकटीने, गिऱ्हाइकांना पाठवायची.

फ्रिजला धाप लागायला आणि हत्तीला जोर चढायला
एकच क्षण सापडला
की खाली पेटीतला खटका पडायचा.
टक्.

पेटी माझ्या दुकानाच्या दाराला लागून.
लिफ्ट अर्थातच बंद.
मग जिन्यात टॉर्च, मग चपला,
मजल्यामजल्यावर गुडघ्यांशी बाचाबाची,
मग, "वार्तकेस, जागा आहेस?"
रात्री अकराला मी जागाच असायचो.
खटका वर करायला एक बोट पुरतं.
आम्हाला पाऊण तास लागायचा.

एकदा डाळिंबाचं अख्खं झाड गेलं,
साठवायचं राहिलं होतं.
ती काही बोलली नाही, नुसती पायरीवर बसली.
तेव्हा मनावर घेतलं.

प्रोसेसर मागवला हँबर्गच्या मावसभावाकडून,
कुठल्याशा कचेरीतून मोडीत निघालेला,
नावाच्या शेपटीला टी हे अक्षर. पस्तीस वॉट.
त्याचे थोरले भाऊ पंच्याण्णव खातात
आणि वर ताट पुढे करतात.
लोक याला मंद म्हणतात. मी तिचेच टाके घालून पाहिले:
थोरल्याला चार सेकंद, याला पाच.
पाचवा सेकंद कुणाला जड होता?

सतरा सेंटीमीटर चौरस बोर्ड,
मटाराएवढी पेस्ट, वर तांब्याचा जाड गठ्ठा,
पंखा एकही नाही,
लॅपटॉपचा एक बेवारशी अडॅप्टर.
सगळं बकलाव्याच्या डब्यात मावलं.
म्हणजे खरोखरच्या डब्यात. हवेसाठी भोकं पाडली
तिच्याच एका नक्षीची, ड्रिल दोनदा घसरलं.
मीटर लावला: रिकामा बसला तर अकरा,
राबला तर अठ्ठेचाळीस.
लोक अंथरूण पाहून पाय पसरतात,
मी पायच असे आखडले की अंथरूण उरलं.
त्या रात्री मी स्वतःवर खूश होतो.

"चालू आहे?" तिनं डब्याला कान लावून विचारलं.
चालू होता.

तीन आठवडे खटका पडला नाही.

अकरा वाजता मी रस्त्याकडे बघत बसायचो.
जनरेटर गुरगुरायचा, मूसाचा पोरगा पैसे मोजायचा,
पेटीत सगळ्यांचे खटके ताठ उभे,
मास्तर वर्गात असल्यासारखे.
कधी तिसऱ्या मजल्यावरचे हेअर ड्रायरवाले उतरायचे.
त्यांना उजेड दाखवायचो, आभार मानून ते जायचे.
एवढी वॉटावॉटाची बेरीज मांडली मी,
त्यात हे एक कलम धरायचं राहून गेलं.

चौथ्या आठवड्यात, बुधवारी, टक्.
टॉर्च. चपला. चौथ्या मजल्यावर नेहमीची बाचाबाची.
"वार्तकेस, जागा आहेस?"

फ्रिज दीडशे, दिवा नऊ, डबा अठ्ठेचाळीस.
मनात बेरीज केली, पुन्हा केली.
पाच अँपिअरच्या पासंगालाही पुरत नव्हती.
"काय लावलं होतंस?"
"इस्त्री."
"अकरा वाजता?"
ती पेटीकडे बघत म्हणाली,
"नुसत्या इस्त्रीने पडेना मेला.
तुझा डबा काही खातच नाही.
मग किटली पण लावली."

खटका मी लगेच वर केला नाही.
बंद फ्रिजमध्ये इन्सुलिन तासभर सहज तग धरतं,
तेवढं गणित मला येतं.