लास्ट

एजंटाचं पत्र आलं होतं, चार ओळींचं,
खाली टाइप केलेलं : लास्ट, सात.
मी तेव्हा साताऱ्याला बी.एड. करत होते.
आप्पांनी नाक्यावरच्या मेडिकलवाल्याला कागद दाखवला.
तो गोळ्या मोजता मोजता म्हणाला,
लास्ट म्हणजे शेवटचं, मामा.
झालं.

सात जोड केले आप्पांनी.
शेवटचे, म्हणून वेणी तीनदा उसवून घातली,
कानाची शिलाई भिंग लावून पाहिली.
मग रापी पुसली, आरीला तेल दिलं,
दोन्ही फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली.
सुभाषनगरात सकाळपासून ठोकाठोक चालते,
त्यातली एक कमी झालेली कुणाला ऐकू येणार?
आईला आली.
तिनं मला फोनवर फक्त एवढंच सांगितलं,
हल्ली हे दुपारी झोपतात.

दिवाळीला आले तर पाकीट फळीवर होतं.
आत चिकटून राहिलेला दुसरा कागद :
नग साठ.
आणि लास्ट म्हणजे फर्मा, आप्पा,
लाकडाचा पाय, ज्यावर ते बूट चढवतात.
सात हे त्याचं माप.

आप्पा बराच वेळ काहीच बोलले नाहीत.
मग म्हणाले, मग सरळ फर्मा म्हणायला काय धाड भरली हुती त्यास्नी?

मी कॉलेजातून आणलेला जाडा कोश मांडीवर घेतला.
सांगायला लागले, वर्गात सांगतात तसं,
की हे दोन वेगळे शब्द आहेत,
एक 'लेट'चा थोरला भाऊ, उशिरात उशिरा येणारा,
दुसऱ्याचं मूळ जुन्या इंग्रजीत,
तिथं त्याचा अर्थ पाऊल.
मातीत उमटलेलं पाऊल.
पावलावर पाऊल टाकत जाणं, सोडून न देणं,
त्यावरून टिकणं. तेही लास्टच.
पायताण किती लास्ट होईल, म्हणतात ना गिऱ्हाइकं?

म्हंजे संपलं आनि टिकलं, दोनी एकच?
दिसायला एकच. घरं वेगळी.
आप्पांनी मान हलवली.
आपल्यात न्हाई का, वार.
मंगळवारचा वार, सुरीचा वार, कापडाचा वार.
बोलताना कुनी चुकतंय व्हय.
थांबून म्हणाले, मी चुकलो खरं.

एजंटानं तोवर दुसरीकडून माल उचलला होता.
त्याला फोन लावला मी, तो गोड बोलला.

संध्याकाळी आप्पांनी ट्रंकेतून वही काढली.
लांबट, लाल पुठ्ठ्याची, कापडविक्याची असते तशी.
आमच्याकडं फर्मा कधी नव्हताच.
गिऱ्हाईक यायचं, कागदावर उभं राहायचं,
आप्पा पेन्सिल फिरवायचे.
पानोपानी पाय.
काहींच्या कडेला नाव, काहींच्या कडेला नुसतं 'कागलचा'.
हा गुळाच्या अड्ड्यावरचा नारू व्हटकर,
डाव्या पायाला करंगळी न्हाई, काट्याखाली गेली,
म्हनून त्याचा पट्टा मी आत घ्यायचो.
नारू जाऊन अकरा वर्षं झाली.
करंगळीच्या जागी पेन्सिलीची रेघ
जरा अडखळून पुढं गेली आहे.

मी कोशातली ओळ परत वाचली,
पाऊल, माग, ठसा,
आणि आप्पांना सांगणार होते
की ही सगळी वहीच म्हणजे.
पण ते चष्म्याची काडी तोंडात धरून
कोरं पान शोधत होते.

काढ चप्पल, म्हणाले.
ती रबराची, बाजारातली, दीडशेची.
लाज वाटली मला, खोटं कशाला बोलू.
कागद थंड होता. पेन्सिल टाचेवरून वळली
तशी गुदगुली झाली, मी पाय ओढला,
रेघ वाकडी गेली.

हलू नको.
तेवढंच बोलले.
आई माळ्याखाली स्टूल ओढत होती.
डावा झाला, आप्पा म्हणाले,
आता उजवा.