तिसरं पाणी

गिमराइशच्या रंगशाळेत मी कागद चिकटवला:
यापुढे दोनच पाणी. तिसऱ्यातून काढायचं नाही.
कोपऱ्यात हिरवं पान,
खाली माझी सही, जरा मोठीच.

सभेत कुणी वाद घातला नाही.
घातला असता तर बरं झालं असतं,
वादासाठी माझ्याकडे एकवीस तक्ते तयार होते.
माना डोलल्या. कॉफी संपली.
मीटर मात्र पहाटेच्या पाळीत
रोज चाळीस हजार लिटर पुढे.
कुठंतरी पाणी मुरत होतं.
मी वर कळवलं: विरोध आहे, प्रशिक्षण वाढवावं.
वाढवलं.
पालथ्या घड्यावर तेही.

मग एका रात्री साडेतीनला गेलो, चोर पकडायला.
चोर म्हणजे एर्मेलिंदा.
एकतीस वर्षं याच टाकीपाशी,
नखांच्या मुळाशी निळा,
जो तिच्या कुठल्याच पाण्यानं गेला नाही.
मला पाहून तिनं नळ बंद केला नाही.
म्हणाली, बाही सार. हात घाल.

घातला. कोमट, बुळबुळीत.
"हे दुसरं. तुझं शेवटचं.
ही तान्ह्या पोरांची झबली आहेत.
घाम आला की रंग मानेवर उतरणार.
परत आलेला माल तू कुणाच्या नावावर लिहितोस?"
माझ्या नाही,
एवढं मला ठाऊक होतं.

तिनं मागचं दार उघडलं.
सहा पिंपं, पाइपांनी एकमेकांना जोडलेली,
त्यातला एक पाइप तिच्या दिराच्या द्राक्षमळ्यातला.
तिसरं पाणी तिथं साठत होतं
आणि पुढच्या घाण्याचं पहिलं होत होतं.
"पिंपं सहाच. उरलेलं जातं गटारात.
मोठी टाकी मागितली होती, दोन हजार अकरा साली, लेखी.
अर्ज कुठं आहे तो तू शोध.
तुझं कामच कागदाचं."

अर्ज सापडला. 'इतर' नावाच्या फायलीत.
टाकी आठ महिन्यांनी आली,
दारातून आत जाईना, भिंत फोडावी लागली.
मीटर उतरलं,
मी कबूल केलं होतं तितकं नाही.
भिंतीवरचा कागद मीच काढला,
सोबत पोपडाही आला.
एर्मेलिंदा अजून माझ्याशी फारसं बोलत नाही.
जुन्या नळाची चावी तिच्या ॲप्रनमध्येच असते.
मी मागितलेली नाही.

वार्षिक अहवालात एक रकाना होता:
कर्मचाऱ्यांचा विरोध कसा हाताळला?
मी लिहिलं: कोपरापर्यंत. कोमट होता.

वरून विचारणा आली आहे, म्हणजे नेमकं काय.