गाठ जरा ढिली

वडगावात आमची गल्ली आठ फूट रुंद.
दोन्ही अंगाला यंत्रमाग, मधून गटार,
गटारावर फरशी, फरशीवर ऊर्मी,
खासबागच्या रविवार बाजारातली
एक तार तुटलेली रॅकेट घेऊन.

खेळायला दुसरं कोण नाही.
चेंडू गेला की गेला,
हंगिरगेकरांच्या पत्र्यावर,
नाहीतर भिंतीपलीकडं इराण्णाच्या शेडात,
जिथं आवाजात हाकच पोचत नाही.

कॅम्पातल्या क्लबवर भरमा चेंडू गोळा करतो.
त्यानं एक दिला : "केस झडलेत, पण जीव हाय.
दोरी बांध त्याला. एकटीला पुरेल."

दोरी बांध. सांगायला काय जातंय.
बांधू कशाला?
चेंडूला कान नाही, कडी नाही,
आंब्याला असतो तेवढा देठसुद्धा नाही.

आधी चिकटवली.
दुसऱ्या फटक्याला दोरी माझ्याकडं
आणि चेंडू पत्र्यावर.
मग कांद्याच्या जाळीत घातला.
तो तिरका जायला लागला,
दारू प्यायल्यागत,
आणि जाळी फाटून शेवटी गटारात.

वीस वर्षं मी मागावर सांध भरतो.
तुटलेला ताणा रात्री झोपेतसुद्धा जोडीन.
पण धाग्याला धागा बांधणं वेगळं.
हे तर पोकळ.
पोकळीला गाठ कशी मारायची
मला कुणी शिकवलं नाही.

शेवटी दाभण तापवलं.
टोचलं तेव्हा चेंडू फुस्स करून
एकदाच बोलला.
कुठल्या कारखान्यातली हवा असेल ती,
कुठल्या देशातली,
माझ्या अंगठ्यावर येऊन संपली.
आता आत आमच्या गल्लीची हवा,
सुताचे तंतू, खळीचा वास.

ब्लेडनं बटणाएवढी चीर पाडली.
बटण माझ्या लग्नातल्या सफारीचं.
दोरी ओवून ते आडवं आत सारलं.
आत गेलं की वळतं,
उंबऱ्यात बसलेल्या म्हशीगत,
मग किती ओढा, बाहेर येत नाही.
वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा, सोल्यूशन,
आणि रात्रभर पाट्याखाली दाबून.

निम्मी दोरी नायलॉनची, निम्मं पायजम्याचं इलॅस्टिक,
दुसऱ्या टोकाला वीट.

सकाळी तिनं मारला.
गेला, थबकला,
काहीतरी आठवल्यासारखा परत आला.
पुन्हा. पुन्हा.
माग खटखट, ही टपटप.
एकशे बारापर्यंत मोजलं मी, मग पाळी सुरू झाली.

नवव्या दिवशी तुटली.
बटणापाशी नाही, ते पक्कं होतं,
इलॅस्टिक आणि नायलॉनच्या सांध्याला,
म्हणजे माझ्याच गाठीला.
चेंडू शेपटासकट भिंतीपलीकडं.
ही मात्र रॅकेट धरून तशीच उभी,
सवयीनं, तो येणार म्हणून.

आणि तो आला.
भिंतीवर आधी दोन हात, मग इराण्णाचा नातू गुरुलिंग.
"चेंडु," तो म्हणाला.
"चेंडू," ही म्हणाली.
त्याच्या बोलीत शेवट थोडा आखूड,
बाकी तोच.
दोरीच्या टोकाला नवी गाठ होती,
इराण्णाच्या हातची.
बारीक, ज्वारीच्या दाण्याएवढी.
मी उजेडात धरून बघितली
आणि काही बोललो नाही.

त्यानंतर दोरी फार तुटायला लागली.
मंगळवारी तुटली. बुधवारी दोनदा.
मी नायलॉन बदललं, पीळ बदलला,
दातांनी ओढून बघितलं.
गुरुवारी भिंतीवर दोन हात
तुटायच्या आधीच येऊन बसलेले दिसले.

रात्री मी विटेजवळ बसलो होतो, बॅटरी तोंडात धरून.
ती शेजारी उकिडवी बसली.
"पप्पा,
गाठ जरा ढिली मारा की."

बॅटरी तोंडात होती,
म्हणून मला हसता आलं नाही.
वीस वर्षांत मारली नव्हती तसली
एक गाठ मारली.