एक्केचाळीस सेंटिमीटर

घंटाघराच्या दोनशे सहा पायऱ्या चढणारे
वरून बीटची शेतं बघतात, धापा टाकतात,
आणि खाली उतरून विचारतात : आणखी काय आहे इथे?

आहे की.
खंदक आहे, त्यात आता शेरडं चरतात.
चॅपेल आहे, गोळ्यांची भोकं न बुजवलेलं,
त्यातली दोन पाकोळ्यांनी बळकावलीत.
आणि मिठाच्या जुन्या कोठारात संग्रहालय.
तिकीट तीन युरो.
पहिल्या रविवारी फुकट, तरी कोणी फिरकत नाही.

किल्ल्या गिस्लेनकडे. एकतीस वर्षं.
तळघरात वेताचा राक्षस, डोकं वेगळं, धड वेगळं,
फेब्रुवारीच्या मिरवणुकीपुरता जुळतो.
एरवी त्याच्या पोटात ती झाडू ठेवते.

वरच्या खोलीत, खिडकीपासून लांब,
काचेखाली एक फुगीर उशी,
तिच्यावर टाचण्यांचं रान, अठ्ठेचाळीस लाकडी रिळं,
आणि लेसची पट्टी, मध्येच थांबलेली.
पाटी म्हणते : फिलोमेन कोद्रेलिये. ऑगस्ट १९१४. अपूर्ण.
दारात कोण आलं, कोणी हाक मारली,
की नुसतं दूध उतू गेलं,
पाटीला काय त्याचं.

मंगळवारी संग्रहालय बंद असतं.
मंगळवारी धूळ पुसायला काच उघडावी लागते.
पहिल्या वर्षी गिस्लेनने फक्त धूळ पुसली.
दुसऱ्या वर्षी एक रीळ उचलून पाहिलं.
हातात असं बसलं
जसं कोणी आत्ताच खाली ठेवलंय.
नमुन्याचा जाड कागद उशीवरच होता,
टोचलेल्या भोकांची लिपी.
ती वाचायला शिकण्यात चार हिवाळे गेले,
चिकोरीच्या कॉफीचे कप किती, हिशेब नाही.
मग वर्षाला एक पान, मुगाच्या डाळीएवढं.
कधी अर्धंच.
नवरा गेला त्या वर्षी तीन.

या शरदात लीलहून तपासनीस आली, सोलेन,
नवी, कडक, मोजपट्टी गळ्यात.
वहीत : एक्केचाळीस सेंटिमीटर.
पट्टीवर : सव्वापन्नास.
पुन्हा मोजलं.
बाहेर घंटाघराने पावणेचार वाजवले, जमतील तसे.

"दमट हवा," गिस्लेन म्हणाली,
"धागा सैलावतो इथे."
नऊ सेंटिमीटर?
"कालवा अगदी भिंतीला लागून आहे, मादमोझेल."

सोलेन वाकली. काचेवर तिच्या श्वासाचं वर्तुळ.
जुना धागा चहाच्या रंगाचा, नवा दुधाच्या.
सांधा आंधळ्यालाही दिसला असता.
शेवटच्या पानाला अजून टाचणी लावलेली नव्हती.

तिने वहीत काय लिहिलं ते गिस्लेनला दिसलं नाही,
चष्मा खाली राहिला होता, राक्षसाच्या पोटात.
जिना उतरताना एवढंच कानावर आलं :
"मंगळवारी किती वाजता येता तुम्ही?"