दहावा रकाना

दोनशे चौदा प्रबंध झाले वाचून.
सयाजीगंजात खोली, खाली सेव-उसळीची गाडी;
माझ्या कोष्टकांनाही आता तर्रीचा वास येतो.

शिक्षकाची क्षमता. माझा विषय तीसुद्धा नाही,
तिच्यावर जे लिहिलं गेलं, त्याचे कल.
म्हणजे मोजणाऱ्यांना मोजणं.

आधी आवाज मोजत, फळ्यावरचं अक्षर.
मग पाच मिनिटांचा पाठ, पाच मुलं, घंटा.
मग नुसत्या याद्या. एका बाईंनी सत्त्याण्णव क्षमता काढल्या,
अठ्ठ्याण्णवावी सापडेना म्हणून बहुधा निवृत्त झाल्या.
हल्ली बाण असतात, या चौकटीतून त्या चौकटीत,
आणि प्रश्नावली मोबाईलवर भरून येते:
शिक्षक स्वतःच स्वतःला पाचपैकी चार देतात.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचा एक, कापडी बांधणीचा,
तळघरात मिळाला. टाइपरायटरचा ‘र’ तुटका.
निरीक्षक मागच्या बाकावर, मांडीवर घड्याळ,
दर तीन सेकंदांनी एक आकडा.
बाई सांगतात, पाच. विचारतात, चार.
मूल उत्तर देतं, आठ.
दहा म्हणजे शांतता किंवा गोंधळ.
दोघांना मिळून एकच रकाना.

शिक्षिका क्रमांक सतरा.
दांडिया बाजार, मराठी शाळा, इयत्ता चौथी.
चार.
दहा दहा दहा दहा दहा
दहा दहा दहा दहा
आठ.

सत्तावीस सेकंद.
निष्कर्षात एक ओळ: वर्गावर पकड कमी.

समासात मात्र पेन्सिल, पुसट, मोजणाऱ्याचीच असणार:
मुलगा तोतरा. बाई थांबल्या.
कुणी हसलं नाही.

हर्षिदाबेनना दाखवलं. चष्मा कपाळावर सारून
दोनदा वाचलं त्यांनी. म्हणाल्या,
“सरस छे. पण एकथी ट्रेंड न बने, बेटा.”
खरंच आहे. नाहीच बनत.

शाळा शोधायला गेले. खाली झेरॉक्स, वर कोचिंग.
जिन्यात एक घंटा टांगलेली, टोला नसलेली.
क्रमांक सतराचं नाव कुणाला विचारू?

काल रात्री आलेख पुरा केला, रेषा छान चढत गेली.
आज सेमिनारात पहिल्या वर्षाची निलोफर
उभी राहिली बोलायला
आणि एका शब्दापाशी अडली.
सगळे घड्याळाकडे. मीही,
मनात तीन-तीन सेकंदांची माळ ओढत.
एक दहा. दोन दहा. तीन.
चौथ्याला मीच शब्द पुरवला.

तिनं वाकून आभार मानले, बसली.
तो तिचा शब्द नव्हता.